शेवटच्या सर्गाची नाराजी

आमच्या मंडळाच्या एका मासिक बैठकीत घडलेल्या लहानशा प्रसंगावरून हा लेख लिहावासा वाटला. ‘अलीकडे वाचलेले पुस्तक’ असा त्या दिवशीचा विषय होता. नागपूरला शिकणारी आमच्या एका सभासदांची पुतणी सुटीत बोरगावला आली होती. तिने स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेच्या चार कादंबऱ्यांविषयी बोलायचे ठरवले. ‘ट्वायलाइट’ (2005), ‘न्यू मून’ (2006), ‘इक्लिप्स’ (2007) आणि ‘ब्रेकिंग डॉन’ (2008) ही ती मालिका. एक सर्वसाधारण मुलगी आणि रक्तपिपासू वंशातला, वय थांबलेला एक तरुण यांच्या प्रेमाची ही अद्भुत कथा आहे. तीन भाग मुलीने रंगून सांगितले. चौथ्या भागापाशी तिचा आवाज उतरला. “लग्न झालं, पोरगी झाली, अन् लढाई तर झालीच नाही,” एवढे बोलून ती थांबली.

ज्येष्ठांपैकी एकजण हसून म्हणाले, “पोरी, असल्या पुस्तकांचा शेवट असाच असायचा. मधुचंद्र आला की लेखकाचं काम संपलं.” दुसऱ्या एकांनी, थोडे चाचरतच, तसली वर्णने फार होती की कमी होती असे विचारले. मुलगी गोंधळली नाही. “काकाजी, ते किती होतं याचं मला काही नाही. तीन पुस्तकं आम्ही ज्याच्यासाठी थांबलो, ते त्यांना फुकटात मिळालं. याचं वाईट वाटलं.” बैठक पुढच्या पुस्तकाकडे वळली. आम्ही मात्र त्या वाक्यापाशीच अडकून राहिलो.

वाचकाच्या निराशेला आपल्याकडे समीक्षेत फारसे स्थान नाही. शृंगारप्रधान कथेच्या वाचकाची, त्यातही तरुण वाचक मुलीची निराशा तर विनोदाचाच विषय होते. असले साहित्य वाचणाऱ्याने तक्रार कशाला करावी, असा त्यामागचा भाव असतो. आमच्या मते ही तक्रार गंभीरपणे ऐकण्याजोगी आहे, कारण ती नवी नाही. आमच्या भागाशी ज्याचे नाव परंपरेने जोडले जाते त्या कवीच्या एका महाकाव्याबद्दल ती सुमारे दीड हजार वर्षे या ना त्या रूपाने होत आली आहे.

ते काव्य म्हणजे ‘कुमारसंभव’. त्याचा निर्विवादपणे कालिदासाचा मानला जाणारा भाग आठव्या सर्गाशी संपतो आणि तो आठवा सर्ग म्हणजे शिवपार्वतींचा विवाहोत्तर विलास. अद्भुत प्रेमकथेचा शृंगारिक शेवट आणि त्यावरून निर्माण झालेली नाराजी, असे आजच्या भाषेत म्हणता येईल. कथेचा सांगाडा पाहावा. तारकासुराने देवांना जर्जर केले आहे. शंकराच्या पुत्राखेरीज कोणी त्याला मारू शकणार नाही असे ब्रह्मदेव दुसऱ्या सर्गात सांगतो. शंकर तर समाधीत. तिसऱ्या सर्गात मदन बाण जोडतो आणि जळून जातो, चौथ्यात रती शोक करते, पाचव्यात पार्वती तप करते आणि बटुवेषातला शिव तिची परीक्षा घेतो. सहाव्यात सप्तर्षी मागणी घेऊन हिमालयाकडे जातात, सातव्यात लग्न लागते. आठव्यात नवपरिणित दांपत्याचा सहवास येतो आणि तेथेच पडदा पडतो. कुमार जन्मत नाही, तारक मरत नाही. काव्याच्या नावातच जे वचन दिले होते ते पुरे झालेले दिसत नाही.

या शेवटाबद्दल दोन अगदी भिन्न प्रकारच्या तक्रारी झाल्या. त्या एकमेकींत मिसळल्यामुळेच पुढचा घोटाळा झाला असे आम्हाला वाटते.

पहिली तक्रार औचित्याची. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांच्या प्रकरणात श्रेष्ठ देवतांच्या संभोगशृंगाराचे वर्णन करू नये असे बजावले आणि असे वर्णन आपल्याच आईवडिलांच्या एकांताचे वर्णन करण्याइतके अनुचित ठरवले. त्याच्या आधी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात हाच विषय हाताळला होता. देवीच्या संभोगवर्णनाचे अनौचित्य त्यालाही मान्य आहे, परंतु महाकवीच्या प्रतिभाशक्तीने ते झाकले जाते आणि म्हणून ते ग्राम्य वाटत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. लोककथेने तर थेट शिक्षाच सुनावली. पार्वतीच्या शापाने कालिदासाला कुष्ठ झाले आणि काव्य अपुरे राहिले, अशी दंतकथा पंडितांच्या घरांतून सांगितली जाई.

दुसरी तक्रार कोणी शब्दांत मांडली नाही, कृतीने मांडली. ‘कुमारसंभवा’चे नऊ ते सतरा हे सर्ग आज छापील प्रतींत सापडतात. त्यांत कुमाराचा जन्म होतो, तो देवसेनेचा अधिपती होतो आणि तारकाचा वध करतो. मल्लिनाथाची टीका मात्र आठव्या सर्गापर्यंतच आहे. अलंकारशास्त्रकारही पुढच्या सर्गांतली उदाहरणे घेत नाहीत आणि भाषेचा कस उतरलेला आहे. म्हणून हे सर्ग दुसऱ्या कोणाचे असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो अज्ञात कवी आम्हाला एक असमाधानी वाचक वाटतो. त्याला आठव्या सर्गातला शृंगार खटकला असे मानण्यास काही आधार नाही. कथेने सुरुवातीला घेतलेले ऋण फिटले नाही हे त्याला खटकले. दुसऱ्या सर्गात हात जोडून उभे असलेले देव अजून ताटकळलेलेच होते. दीडशे ऋतू एका रात्रीसारखे गेले असे आठव्या सर्गाच्या अखेरीस कवी सांगतो. सहा ऋतूंच्या हिशेबाने ही पंचवीस वर्षे झाली. तेवढा काळ तारक काय करीत होता, हा प्रश्न त्या वाचकाने विचारला आणि उत्तर मिळेना तेव्हा स्वतः नऊ सर्ग लिहून काढले.

सीमेवरच्या आमच्या गावाला अशा पूरणकारांची ओळख नवी नाही. येथे घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ आणि तिच्यानंतरची चोवीस भागांची ‘चंद्रकांता संतति’ ही आमच्या आधीच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचलेली पुस्तके. ‘चंद्रकांते’त आधी तिलिस्म तुटते, मग लग्न लागते. वीरेंद्रसिंहाला नायिका मिळते ती संकटे ओलांडल्यावरच. तिच्या मधुचंद्राचे वर्णन नाही म्हणून कोणी हळहळल्याचे आम्ही ऐकले नाही. ‘भूतनाथ’ मात्र 1913 मध्ये खत्रींच्या निधनाने अर्धवट राहिली, तेव्हा ती पुरी करायला त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री बसले. कथा अर्धवट राहिलेली वाचकाला सोसत नाही, हेच यावरून दिसते.

आता मेयरबाईंच्या मालिकेकडे वळू. ‘ब्रेकिंग डॉन’ 2 ऑगस्ट 2008 रोजी बाजारात आली आणि एकट्या अमेरिकेत पहिल्या दिवशी तिच्या 13 लाख प्रती खपल्या. थोड्याच दिवसांत नाराज वाचकांनी प्रती दुकानांत परत कराव्यात अशी हाक दिली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कालिदासाने जेथे पडदा उघडला तेथे या लेखिकेने तो ओढून घेतला आहे. बेटावरच्या मधुचंद्राच्या रात्रीचे वर्णन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नायिकेच्या अंगावरचे काळेनिळे वळ आणि फाटलेल्या उशांची पिसे तेवढी दिसतात. म्हणजे एका ठिकाणी शृंगार सविस्तर आणि वाचक नाराज, दुसऱ्या ठिकाणी शृंगार झाकलेला आणि वाचक तरीही नाराज. नाराजीचे कारण शृंगाराच्या मात्रेत असते तर दोहोंपैकी एक वाचकवर्ग तरी समाधानी व्हायला हवा होता.

कारण आमच्या सभासदांच्या पुतणीने सांगितलेच होते. पहिल्या तीन भागांत एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावलेली आहे. या दोघांचे मीलन झाले तर तिचा जीव जाईल, आणि ती त्याच्या वंशात गेली तर आईबाप, माणूसपण, सारे तिला सोडावे लागेल. नव्याने त्या वंशात आलेल्याला रक्ताची तहान दीर्घकाळ आवरत नाही, हेही सांगून झाले आहे. चौथ्या भागात ती त्या वंशात जाते आणि तहान पहिल्याच दिवसापासून तिच्या ताब्यात असते. वडिलांशी संबंध तुटत नाही. तिच्यावर जीव टाकणारा आणि नाकारला गेलेला जेकब नुकत्याच जन्मलेल्या तिच्या मुलीशी कायमचा बांधला जातो, म्हणजे त्याच्या दुःखाचाही परस्पर निकाल लागतो. अखेरीस व्होल्टुरींची सेना चालून येते, दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहतात, बोलणी होतात आणि सेना परत जाते.

नायिकेने काहीच सोसले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे बाळंतपण अत्यंत भयंकर आहे, त्यात ती मरणाच्या दारी पोचते. लेखिकेच्या बाजूने हा मुद्दा भक्कम आहे आणि आम्ही तो बाजूला सारत नाही. परंतु कथेने वाचकाला जी किंमत आधी सांगून ठेवली होती ती शरीराच्या वेदनेची नव्हती, कायमच्या ताटातुटीची होती. एका खात्यावरचे देणे दुसऱ्याच खात्यावर जमा केले तर हिशेब मिटत नाही. 2012 च्या नोव्हेंबरात आलेल्या या कथेच्या शेवटच्या चित्रपटात पटकथाकारांनी पुस्तकात नसलेली लढाई घातली. ती भविष्यदर्शनात घडलेली दाखवून मूळ शेवट तसाच ठेवला. ‘कुमारसंभवा’च्या नवव्या सर्गाचा कर्ता आम्हाला येथे पुन्हा भेटला.

या कसोटीवर कालिदासाचा आठवा सर्ग कसा उतरतो? येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आम्ही महाविद्यालयात असताना ‘कुमारसंभव’ शिकवणाऱ्या गुरुजींनी सातव्या सर्गाअखेर पुस्तक मिटले आणि पुढचे परीक्षेला नाही असे सांगितले. साहजिकच त्याच आठवड्यात आम्ही चौघांनी ग्रंथालयातून ते पुस्तक मिळवले, कोश जवळ घेतला आणि नदीकाठी जाऊन बसलो. आमची फार मोठी निराशा झाली. ज्या अपेक्षेने गेलो होतो तिच्यासाठी थोडेच श्लोक हाती लागले. सर्गाचा जवळजवळ निम्मा भाग गंधमादन पर्वतावरच्या सूर्यास्ताने, संधिप्रकाशाने, दाटत जाणाऱ्या काळोखाने आणि चंद्रोदयाने व्यापलेला निघाला. ते सारे शिव पार्वतीला दाखवीत आहे, बोलत आहे. आम्हाला त्या वयात ते पाल्हाळ वाटले.

पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचताना त्या पाल्हाळाचा अर्थ लागला. सर्गाच्या आरंभी पार्वती बोलत नाही, तोंड फिरवते, शिवाचे डोळे दोन्ही हातांनी झाकते आणि तिसरा डोळा उघडाच राहिल्याने तिची फजिती होते. तेथून विश्वास हळूहळू वाढत जातो. मग शिव संध्यावंदनाला बसतो तेव्हा ती चक्क रुसते, संध्या जणू सवत झाली. तो तिची समजूत काढतो आणि मग चंद्रोदय दाखवतो. पाचव्या सर्गात जी एकटी तप करीत होती ती आता रागावू शकते आणि तिच्या रागाची दखल घेतली जाते. या दांपत्याने किंमत आधीच चुकती केली आहे. रूपाच्या बळावर शिव मिळत नाही हे तिसऱ्या सर्गातल्या राखेने सिद्ध झाले होते. तपाने तो मिळाला. म्हणून आठव्या सर्गातले सुख फुकटचे वाटत नाही. आनंदवर्धन ज्या शक्तीविषयी बोलतो ती केवळ शब्दकळेची शक्ती असेल असे आम्हाला वाटत नाही. आधीच्या सात सर्गांचे पाठबळ तिच्यात धरले पाहिजे.

राहिले तारकाचे देणे. ‘संभव’ या शब्दात जन्माइतकीच जन्माची शक्यताही आहे. तेव्हा आठव्या सर्गातच वचन सूचित होऊन पुरे झाले, असे काही अभ्यासक मानतात. हा युक्तिवाद सुंदर आहे आणि कवीच्या प्रकृतीला शोभणारा आहे. तरीही ताटकळलेल्या देवांची आठवण ठेवणाऱ्या वाचकाला आम्ही अरसिक म्हणणार नाही. त्याने लिहिलेले सर्ग दुय्यम आहेत, पण त्याने विचारलेला प्रश्न दुय्यम नाही.

आनंदवर्धनाने रसाला मारक अशा गोष्टी सांगताना आणखी एक नोंद केली आहे. पूर्ण परिपोष झालेल्या रसाला पुनःपुन्हा चेतवत राहिले तर तो हाताळून कोमेजलेल्या फुलासारखा होतो, असा तिचा आशय आहे. आज इंग्रजीत अद्भुत प्रेमकथांच्या मालिकांचा मोठा बाजार आहे. सारा मास यांची 2015 पासून सुरू झालेली ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही त्यांतली एक गाजलेली मालिका. या प्रकारात मीलन शेवटपर्यंत राखून ठेवण्याची सक्ती उरलेली नाही आणि आमची त्याला हरकत नाही. परंतु दर भागात तोच दिवा नव्याने पेटवायचा ठरवला, तर शेवटच्या भागात ज्योत मोठी करण्याखेरीज लेखकाच्या हाती काय उरते? अशा शेवटाने वाचक दुखावला तर त्याला सोवळा समजण्याचे कारण नाही. त्याच्या हाती कोमेजलेले फूल आलेले असते.

शृंगार कोठे ठेवावा याचा एक वेगळा नमुना आमच्याच मातीत आहे. पांढुर्ण्याला ज्याचा ताम्रपट सापडला त्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य आहे. त्याला कालिदासाचा हात लागल्याची परंपराही टीकाकार रामदासाने नोंदली आहे. रामटेक हाच ‘मेघदूता’तला रामगिरी असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. तेव्हा हा सारा प्रदेश कालिदासाच्या आठवणीने भारलेला आहेच. ‘सेतुबंधा’च्या पंधरा आश्वासांपैकी दहाव्यात लंकेतल्या स्त्रियांच्या विलासाची रात्र येते. पण ती शेवट नाही. सेतू बांधून झाला आहे, युद्ध उद्यावर आहे आणि वाचकाला ते ठाऊक आहे. त्या रात्रीतला प्रत्येक लाडिक शब्द उद्याच्या सावलीत उच्चारला जातो. शृंगार येथे कोणतेही देणे फेडायला आणलेला नाही, म्हणून तो कोणाला खटकत नाही. काव्य संपते ते रावणवधानेच.

मराठी कादंबरीने हा प्रश्न जन्मतःच अंगावर घेतला होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868) या आपल्या पहिल्या अद्भुतरम्य प्रेमकथा. आपल्या विवाहाच्या चालीरीतींमुळे आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही, अशा आशयाची अडचण रिसबुडांनी प्रस्तावनेत सांगितली आहे. लग्न आधी आणि ओळख मागून अशा समाजात वाट पाहायला लावणारे प्रेम दाखवायचे तर राजपुत्र, अरण्ये आणि चमत्कार यांनाच शरण जावे लागे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 च्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंधा’त त्या काळच्या कादंबऱ्यांची कठोर झडती घेतली आणि पुढे दीर्घकाळ आपली समीक्षा मम्मटाच्याच बाजूला बसली. प्रेमकथेत काय असू नये हे आपण हिरिरीने सांगितले. प्रेमकथेने वाचकाला काय देणे लागते हे विचारायचे राहून गेले. म्हणूनच आमच्या बैठकीत ती मुलगी बोलली तेव्हा एकाला हसू आले आणि दुसऱ्याला वर्णनांची चौकशी करावीशी वाटली. तिसरा प्रश्न कोणाला सुचला नाही, आम्हालाही नाही.

तो प्रश्न आमच्या परिसराला खरे तर पाठ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार होते, तिच्यामागची कथा येथे लहानपणीच कानावर पडते. एका गावचा मुलगा दुसऱ्या गावची मुलगी घेऊन नदी ओलांडू लागला आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. सांगणारा बदलला की शेवट बदलतो. कोणी त्यांना मारतो, कोणी वाचवतो. आजीजवळ बसून ही कथा ऐकणाऱ्या पोरांनी त्या दोघांच्या संसाराविषयी कधी काही विचारले नाही. ती एवढेच विचारीत, “मग ते पार झाले का?” नदीत दगड पडत असताना कथा थांबवून एकदम संसाराचे वर्णन सुरू केले असते, तर आम्ही आजीला सोडले नसते.

त्या मुलीने चारही पुस्तके मंडळाच्या कपाटाला देऊ केली. चौथा भाग ठेवावा की नाही यावर थोडी कुरबुर झाली. तो ठेवावा असेच आमचे मत पडले, कारण अपुरा शेवटही वाचल्याशिवाय अपुरा का आहे ते कळत नाही. पुढच्या तिमाहीत ‘कुमारसंभवा’चा आठवा सर्ग अर्थासह सलग वाचावा आणि त्या बैठकीला घरच्या मुलींनाही बोलवावे, असे आम्ही सुचवले आहे. ज्येष्ठ सभासदांपैकी एकदोघांनी अजून होकार दिलेला नाही.